खंडेरावची सुई

खंडेराव पोटरी धरून खाली बसला आणि सरावलीच्या हुतूतू संघाचं निम्मं बळच खाली बसलं. रविवारी नवापूरच्या कोळ्यांशी सामना, आणि नवापूर आजवर कधी हरलं नव्हतं. तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर लोखंड वाहणारा हा गडी चढाईला निघाला की समोरचे सातही जण देवाचं नाव घेत. खंडेरावला मात्र देव आठवायचा तो डॉक्टरची सुई दिसली की. ही गोष्ट एकट्या रत्नाबाईला, त्याच्या बायकोला, ठाऊक होती.

संघनायक पंढरीनं त्याला बोईसरच्या दवाखान्यात नेलं. "सुई टोचा डॉक्टर, पन गडी हुबा करा!"

पंढरी बाहेर जाताच खंडेरावनं डॉक्टरांचे पाय धरले. "काय बी कडू पाजा, पन सुई नगं!"

"तुला सुई नकोच," डॉक्टर हसले. "स्नायू ताणलाय. सुईनं दुखणं दबेल, पाय आहे तसाच राहील. शेक घे आणि पडून राहा."

खंडेराव कंबर चोळत बाहेर आला. "दिली! ही एवढी लांब!" म्हणून त्यानं वीतभर माप दाखवलं. एवढा आडदांड गडी सुईला भितो हे मैदानात कळलं असतं, तर त्याच्या चढाईला पुन्हा कोण भ्यालं असतं?

रत्नाबाईनं मिठाची पुरचुंडी तापवून तापवून पोटरी शेकली. रविवारी सकाळी खंडेराव हरणासारखा पळाला. पंढरी बघतच राहिला.

"मोडक्या पायाची एका सुईनं ही तऱ्हा, तर आपल्या धडधाकट पायांचं काय हुईल रं?"

सगळ्यांना पटलं. सुई न टोचणाऱ्या डॉक्टरला तिकडे कुणी डॉक्टरच मानत नसे. खंडेराव घाबरून म्हणाला, "अरं, त्या सुईत काय बी नसतंय!"

"सोता घ्यायची आन् आमाला नगं म्हनायचं व्हय?"

त्याला मागे टाकून बाकीचे सहा जण दवाखान्याकडे धावले. डॉक्टर पालघरला लग्नाला गेले होते. नर्स चंद्रकांताबाईंनी बजावलं, "शक्तीची सुई आहे, पण ठणकेल हं." सहाही जणांनी एकापाठोपाठ एक कमरेत टोचून घेतली.

दुपारी सहाही जण कंबर धरून मैदानात उतरले. नवापूरचा नायक जिवल्या चक्रावला. "हसवून हरवता का रे आमाला?"

पहिल्या डावात सहाही जण बाद झाले. उरला खंडेराव. तो एक गडी मारी, त्यासरशी सरावलीचा एक उठून लंगडत आत येई आणि पुढच्याच चढाईत बाद होऊन बाहेर जाई. तरी खंडेराव घुमत राहिला. शेवटच्या चढाईत त्यानं खुद्द जिवल्याला शिवून रेघ गाठली आणि सरावली एका गुणानं जिंकली.

लंगड्या गड्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. ढोल वाजू लागले. खंडेराव दोन्ही हातांनी नमस्कार करत होता. मिरवणूक बोईसरात शिरली आणि चौक सोडून गल्लीत वळली.

"पंढरी, हिकडं कुटं?"

"आता म्होरं तालुक्याचा सामना हाय, गड्या! तुझी सुई उतरून कशी चालंल?"

दवाखान्याच्या दारात चंद्रकांताबाई उभ्या होत्या. आत स्टोव्हवर पिचकारी उकळत होती.

"मला सुई दिलीच न्हवती!" खंडेराव जीव खाऊन ओरडला. "आईच्यान, शेकानं बरा झालो!"

"बगा, एवढा मोटा गडी, पन गर्व नाय!" जिवल्या कौतुकानं म्हणाला. त्याचे सहाही गडी बाह्या सावरत मागे रांगेत उभे होते. "यानला पयली टोचा बाय, मग आमाला."