गट्टमचं पाळण्यातलं नाव

बाळांनो, विश्वास कोणावर ठेवावा? ज्याचं नाव ऐकून हात जोडावेत त्याच्यावर, की ज्याचं नाव ऐकून डबे झाकावेत त्याच्यावर? घाई नको. आधी माल बघा, मग भाव सांगा.

एका जंगलात प्रत्येकाला दोन नावं असत. एक पाळण्यातलं. ते आत्या बाळाच्या कानात कुर्र करून ठेवायची, बाळाचे डोळेही धड उघडलेले नसताना. दुसरं टोपणनाव. ते शेजारी ठेवायचे, स्वतःचे डोळे चांगले उघडे ठेवून.

तिथे एक खार होती. आत्याने हौसेने तिचं नाव ठेवलं निश्चिंता. पण ती झोपण्याआधी ढोलीतल्या चारोळ्या चाचपायची, उठल्यावर चाचपायची, मधेच जाग आली तर तेव्हाही. म्हणून सगळे तिला म्हणत धास्ती.

तिच्या झाडाखाली एक अस्वल राहायचं. पाळण्यातलं नाव सत्यशील. पण बारशालाच त्याने पाळण्यातून हात काढून आत्याच्या ओटीतल्या घुगऱ्या फस्त केल्या. नाव सकाळी पडलं, दुपारपर्यंत त्याचा गट्टम झाला.

"धास्ते, काय म्हणतात चारोळ्या?" तो खालून विचारायचा.

"तुला बघून घाबरल्यात रे, गट्टम," ती वरून म्हणायची आणि ढोलीच्या तोंडाशी ठाण मांडून बसायची.

दोघांचं छान चाललं होतं. शेजार म्हणजे आणखी काय असतं?

मग सिंहराजाने धनेश पक्ष्याला दिवाण नेमलं. तो कुठून कुठून सुधारणा शिकून आला होता. त्याने दवंडी पिटवली, की टोपणनाव हा अपमान आहे, आजपासून पाळण्यातलंच नाव चालेल.

टाळ्या पडल्या. सर्वांत मोठी टाळी अस्वलाची.

पावसाळा तोंडावर आला आणि ओढ्यापलीकडून निरोप आला, की खारीच्या मावशीने अंथरूण धरलंय. पिल्लांना घेऊन जायला तर हवं. पण त्यांची पावसाळ्याची सगळी बेगमी ढोलीत.

"जा तुम्ही, निश्चिंताताई. मी आहे ना," अस्वल म्हणालं.

खारीचा पाय निघेना.

तेव्हा शेजारची वानरीण म्हणाली, "सत्यशीलरावांवर संशय? आणि तोही तुम्ही घ्यायचा, निश्चिंताताई? नावाची तरी लाज राखा."

खार ओशाळली. जन्मात पहिल्यांदा ती ढोली न चाचपता निघाली.

परतली तेव्हा ढोलीत टरफलं होती. आणि काळे केस.

ती तडक दरबारात गेली. "महाराज, गट्टमने माझ्या चारोळ्या खाल्ल्या."

धनेशने चोच वर केली. "गट्टम नावाचं कोणीही या जंगलात राहत नाही."

"बरं, सत्यशीलने खाल्ल्या."

"बाई, काय बोलताय ते स्वतःच एकदा ऐका."

दरबार हसला. सिंहाने मान डोलावली, कारण सगळे हसत होते.

"मग पावसाळाभर माझी पिल्लं खातील काय? मला त्याची चिंता आहे."

"निश्चिंताबाईंना चिंता?" धनेश म्हणाला. "अशी तक्रार घेता येत नाही."

दुसऱ्या दिवशी अस्वल खारीच्या झाडाखाली आलं. मागे अख्खा दरबार. हातात द्रोण, द्रोणात मूठभर चारोळ्या. कुठल्या, ते खारीने वासावरून ओळखलं.

"घ्या ताई, पिल्लांना. शेजारधर्म म्हणून."

धनेशने अस्वलाच्या गळ्यात हार घातला. पिल्लं भुकेली होती. खारीने द्रोण घेतला.

"उपकार झाले, सत्यशीलराव," ती मोठ्याने म्हणाली.

मग ढोलीत शिरून तिने पिल्लांना जवळ ओढलं. आत्या वाकते तशी वाकली आणि एकेकाच्या कानात कुर्र करून अस्वलाचं नाव सांगितलं. पाळण्यातलं नव्हे.

तात्पर्य: टोपणनावं ठेवू नयेत, बाळांनो. ती फार खरी असतात आणि खऱ्याने मोठी माणसं दुखावतात. चारचौघांत पाळण्यातल्या नावानेच हाक मारावी, जमल्यास हात जोडून. माझी विनंती एवढीच, की घरी बसून हिशेब मांडाल तेव्हा तो प्रामाणिकपणे मांडा. चारोळ्या गट्टमच्या नावावर लिहा. सत्यशीलरावांच्या नावावर फक्त हार.