रिकाम्या डब्याचं वजन

अँपिअरकाकांनी घरातले सगळे खटके एकापाठोपाठ एक पाडले, तेव्हा त्यांची सून न्हाणीघरात डोक्याला साबण फासून उभी होती.

"बाबा! पाणी गेलं!"

"पाणी नाही, पंप गेला. पाच मिनिटं कळ काढ, चोर सापडतोय!"

चोर विजेचा होता. छपरावरच्या उन्हावर घरची बॅटरी भरायची, पण पंप दोनदा लावला की मान टाकायची. बॅटरी काकांनी स्वतः पारखून आणलेली, तेव्हा तिच्यात खोट असणं शक्यच नव्हतं. चाळीस वर्षं विजेची उपकरणं दुरुस्त केलेला माणूस तो. आठवडाभर खपून त्यांनी वेगळ्या सेलवर चालणारी एक डबी बनवली होती. बॅटरीच्या वायरीत इवलासा रोध. त्यातून प्रवाह वाहिला की त्यावर कणभर व्होल्टेज उमटायचं, ॲम्प्लिफायर ते पन्नासपट करायचा आणि मीटर आकडा दाखवायचा.

"आणि डबीच चुकली तर?" काकूंनी विचारलं होतं.

"पंपाच्या आठ अँपिअरवर तपासलीये. शंभरात एक, एवढीच चूक. तुझ्या तराजूपेक्षा बरी!"

आता सगळं बंद होतं. छपराची वायरही काढलेली. तरी मीटर ऐंशी मिलिअँपिअर दाखवत होता. खटका नसलेली, थेट भिंतीतून आलेली वायर घरात एकच होती, काकूंच्या जुन्या रेडिओची.

"बघ! बंद असूनही पितोय मेला!"

"मेला म्हणू नका त्याला."

"भंगारवाल्याला बोलावलंय मी."

काकूंचा चेहरा उतरला. लग्नाआधी हाच रेडिओ दुरुस्त करायला एक हडकुळा मेकॅनिक घरी आला होता. त्याला तीन फेऱ्या माराव्या लागल्या, आणि चौथ्या फेरीला तो आईवडिलांना घेऊन आला. तो रेडिओ आज हातगाडीवर जाणार?

दारात भंगारवाला हजर झाला. "काका, कुठाय माल?"

"थांब जरा," म्हणत काकूंनी रेडिओची वायर स्वतःच उपटली. "आता बघा."

ऐंशी.

"असं कसं?" काका चष्मा पुसू लागले.

काकूंच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याच्या बुडाला रिकाम्या डब्याचं वजन खडूने लिहिलेलं असे. ते वजा केल्याशिवाय त्या चिमूटभर पीठही मोजत नसत.

"अहो, तुमची डबी रिकामी असताना काय दाखवते?"

"रिकामी म्हणजे?"

"बॅटरीचीच वायर काढा की!"

काकांनी काढली. मीटर ऐंशीवरच बसून राहिला. प्रवाह नाही, काही नाही, तरी ऐंशी!

भंगारवाला खाली वाकून बघू लागला. "काका, हा हवा मोजतोय का?"

काकांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. ॲम्प्लिफायर काही नसतानाही पदरचे ऐंशी घालत होता. पंपाच्या आठ अँपिअरांत, म्हणजे आठ हजार मिलिअँपिअरांत, ते शंभरात एक म्हणून खपून गेले. बंद घरात मात्र सगळा आकडाच त्यांचा.

"म्हणजे घरात कोणीच काही पीत नाही," काकू म्हणाल्या. "मग बॅटरी मान का टाकते हो?"

काका पुन्हा मीटरकडे वळले. भंगारवाल्याने मात्र बॅटरी उचलून पाहिली. "ही बारा वर्षांची तरी असेल, काकू. गेलेली आहे."

रेडिओ राहिला, बॅटरी हातगाडीवर चढली. काकूंनी खडू घेतला आणि डबीच्या बुडावर लिहिलं, 'रिकामी – ८०'.

"तेव्हाही तुम्हाला तीन फेऱ्या लागल्या होत्या," त्या हसून म्हणाल्या. "दुसऱ्या फेरीआधी वायर मीच ओढून ठेवली होती."

"ठाऊक होतं," काका म्हणाले. "तिसरी फेरी पडावी म्हणून मीही ती सैलच ठेवली."

काकूंनी तोंडाला पदर लावला. इतक्यात न्हाणीघरातून रडवेला आवाज आला,

"बाबा, पाच मिनिटं झाली का हो?"

दोघांनी बॅटरीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि काका चपला न घालताच हातगाडीमागे धावले.