नाना रेडिओवर हसले

मतदानाच्या दिवशी पहाटेच साहेबांनी रेकॉर्डबाईंच्या खोलीत निवडणूक चिन्हांचा भला मोठा तक्ता भिंतीला ठोकून घेतला आणि म्हणाले, "मतदान संपेपर्यंत यातलं एकही चित्र आपल्या रेडिओवर ऐकू येता कामा नये."

"चित्र ऐकू कसं येईल साहेब?" बाईंनी विचारलं. रेडिओ केंद्रावरच्या सगळ्या तबकड्या त्यांच्या ताब्यात असत, म्हणून त्या रेकॉर्डबाई.

"गाण्यातून येईल! गाण्यात दिवा लागला, की दिव्याचा प्रचार झाला. उद्या माझी बदली झाली तर जाताना तुम्हालाही घेऊन जाईन."

साहेब नुकतेच बदलून आले होते, त्यामुळे बदली या विषयावर त्यांचा अभ्यास दांडगा होता. बाईंनी तक्त्याकडे पाहिलं. सूर्य, चंद्र, फूल, दिवा, होडी, घोडा, छत्री, झाड, पाखरू, घर. खाली अपक्षांची गर्दी होती, त्यात शिडी, बादली आणि कंगवा.

"कंगव्याचं गाणं आपल्याकडे नाही," बाई म्हणाल्या. "तेवढीच सुटका."

त्या काळी देशाला एकच रेडिओ होता. तो बोलेल ते खरं, आणि तो बोलला नाही तर काहीतरी दडवलंय, असं लोक धरून चालत. अशा रेडिओवर दिवसभर काय वाजवायचं? प्रेमाची गाणी चंद्रापायी गेली. बालगीतं घोड्यावर बसून गेली. कोळ्यांची होडीतून. उरलं वाद्यसंगीत, पण त्यातल्याही चपळ तुकड्यांना 'पाखरांचा नाच' किंवा 'घोडदौड' अशी नावं, आणि नाव सांगितल्याशिवाय रेकॉर्ड लावायची नाही असा केंद्राचा जुना नियम. शेवटी एका वयस्कर कलाकाराने संथपणे वाजवलेल्या व्हायोलिनच्या चारपाच तबकड्या राहिल्या. त्यांना नाव द्यायचा उत्साह कुणालाच झाला नव्हता.

त्या लावायचं काम नानांकडे आलं. नाना केंद्रावरचे सर्वांत जुने निवेदक. आवाज खर्जातला, धीरगंभीर. त्यांनी "आता ऐका एक विनोदी गीत" म्हटलं, तरी ऐकणारा हातातला चहा खाली ठेवून सावरून बसे.

नानांची एकच इच्छा राहिली होती. निवडणुकीच्या रात्री आठ वाजता "नमस्कार, निकाल हाती येऊ लागले आहेत" हे वाक्य आजवर दरवेळी दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं होतं. नाना शेजारच्या खोलीत बसून दोन निकालांच्या मधली फट रेकॉर्डी लावून बुजवत. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. साहेबांनी कबूल केलं होतं, "आज रात्री तुम्हीच. फक्त दिवस बिनबोभाट काढा."

म्हणून नाना सकाळपासून कोमट पाणी पीत, व्हायोलिनच्या मागे व्हायोलिन लावत, बिनबोभाट बसले होते.

बोभाटा टेलिफोनवर सुरू झाला. कुणी थोर माणूस गेला, की त्या रेडिओवर दिवसभर असंच व्हायोलिन वाजे, हे सकाळी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. फोन घेणाऱ्या मावशी घाईघाईने बाईंकडे आल्या.

"बाई, लोक विचारतायत, कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं म्हणावं."

"तसंच सांगितलं. तर म्हणतात, 'समजलं, अजून जाहीर करायचं नसेल.' एकजण तर रडायलाच लागला. कोणासाठी, ते त्यालाही माहीत नाही."

तासाभरात समोरच्या पोस्टावरचा झेंडा अर्ध्यावर आला. पोस्टमास्तरांनी चौकशी केली नव्हती. रेडिओ ऐकून ते समजून चुकले होते. झेंडा पाहून दुकानांच्या फळ्या लागल्या. बंद दुकानं पाहून मतदानाची रांग विस्कटली. ज्याला मत द्यायचं तोच गेला असला तर मत फुकट जायचं, असा हिशेब करून लोक घरी रेडिओपाशी जाऊन बसले आणि रेडिओ त्यांना व्हायोलिन ऐकवत राहिला.

साहेब घामाघूम झाले. "ताबडतोब सांगा, पंतप्रधान ठणठणीत आहेत!"

"तो प्रचार होईल," बाई म्हणाल्या. "विरोधी पक्ष विचारेल, आम्ही काय अंथरुणाला खिळलोय?"

"मग सगळ्याच उमेदवारांची तब्येत सांगा!"

"आज उमेदवारांची नावं घ्यायलाही बंदी आहे. तीही तुम्हीच घातलेली."

शेवटी कुणाचंच नाव नसलेलं एक निवेदन तयार झालं आणि नानांनी ते आपल्या खर्जात वाचलं: "कोणीही गेलेलं नाही. श्रोत्यांनी धीर धरावा."

त्या आवाजात 'धीर धरावा' ऐकल्यावर ज्यांना थोडी शंका होती, त्यांचीही खात्री पटली. फाटकाशी एक फुलवाला भलं मोठं पुष्पचक्र घेऊन हजर झाला. मधली पट्टी कोरी होती. "नाव कळलं की टाकू," तो म्हणाला.

"फुलं आत आणू नका!" साहेब खिडकीतून ओरडले. "ते चिन्ह आहे!"

इतक्यात नानांना घरून फोन आला. नानी कधी केंद्रावर फोन करत नसत.

"अहो, कोण गेलं? मला तरी सांगा. मी कुणाला सांगायची नाही."

"अगं, खरंच कोणी नाही."

"मग तुमचा आवाज असा का?"

"माझा आवाज असाच आहे. लग्नाच्या आधीपासून."

"तेही खरंच," नानी म्हणाल्या. "सकाळपासून चूल पेटवली नाही मी. एकदा नीट माणसासारखं बोला म्हणजे झालं."

नानांनी फोन ठेवला आणि हवामानाचा कागद घेऊन ते मायक्रोफोनपुढे बसले. कागद साहेबांनी स्वतःच्या हाताने तपासून दिला होता. लाल दिवा लागला. नाना वाचू लागले.

"आज संध्याकाळी आकाशातलं ते नेहमीचं, पश्चिमेकडे खाली जाईल." नाना थबकले. "त्यानंतर ते दुसरं, पांढरं, पूर्वेकडून वर येईल." काचेपलीकडे बाईंनी पदर तोंडाशी धरला. नानांनी नजर कागदात खुपसली. "सरींची शक्यता असल्याने नागरिकांनी डोक्यावर धरायची ती वस्तू..."

पुढचं वाक्य देशाला कधीच कळलं नाही. आधी एक हुंदक्यासारखा आवाज आला. देशभर लोकांनी श्वास रोखले, आता नाव येणार! आणि मग नाना हसले. इतक्या वर्षांचं तुंबलेलं हसू ते, आवरता आवरेना. मध्येच त्यांनी "क्षमस्व" म्हटलं, ते तर अगदीच वाया गेलं. बाईंनी व्हायोलिन लावायला हात पुढे केला, पण हसता हसता तो स्विचपर्यंत पोचेना.

घराघरांत लोक आधी चमकले, मग एकमेकांकडे पाहून हसू लागले. ज्या रेडिओवर माणूस असा हसतो, त्या देशात कोणी गेलेलं नाही, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. फळ्या उघडल्या. झेंडा वर गेला. मतदानाची रांग कोपऱ्यापलीकडे पोचली.

साहेब मात्र हसले नाहीत. "राष्ट्राच्या रेडिओवर हसलात नाना! वरून फोन आला म्हणजे मी काय सांगू?"

"चुकलंच," नाना म्हणाले.

"रात्रीचं हीरो बघेल. तुम्ही घरी जा."

हीरो म्हणजे नवे निवेदक; केसांचा कोंबडा आणि आवाजाला साखर. नानांनी डबा पिशवीत घातला. बाई दारापर्यंत आल्या. नाना रस्त्याला लागले. वाटेत कुणीच त्यांना ओळखलं नाही. आवाजाला चेहरा नसतो. पानवाला गिऱ्हाईकाला नानांच्या हसण्याची नक्कल करून दाखवत होता. नाना मान खाली घालून पुढे गेले.

घरी बाहेरच्या खोलीत अख्खी चाळ रेडिओभोवती बसली होती. इमारतीत रेडिओ एकच, नानांचा. नाना दारात दिसताच सगळ्यांनी वळून पाहिलं.

"तुम्ही घरी कसे?" नानींनी विचारलं.

"रात्रीचं दुसऱ्याला दिलं."

नानींनी पाट मांडला. "निवडणुकीच्या रात्री तुम्ही घरी असे कधी जेवलाच नाहीत," त्या म्हणाल्या. "दुपारी तुम्ही हसलात ना, तेव्हा चूल पेटवली."

आठ वाजले. वरून फोन आला होता खरा, पण कौतुकाचा. त्यामुळे साहेबांनी हीरोला नवी आज्ञा दिली होती. "नमस्कार!" हीरो म्हणाले आणि हसले. हा, हा, हा. मोजून. "निकाल हाती येऊ लागले आहेत. हा, हा."

चाळ अस्वस्थ झाली. "हा हसतोय कशाला?" खालच्या मजल्यावरचे टेलरमामा म्हणाले. "ह्याचं हसणं खोटं, तर निकाल कशावरून खरे?" त्यांच्या उमेदवाराचा निकाल यायचा होता. "नाना, तुम्ही सांगा हो."

"मी? अहो, तोच सांगतोय की."

"त्याला हळू करा. तुम्ही ऐका आणि आम्हाला सांगा."

नानींनी बटण फिरवून आवाज बारीक केला. नाना आधी लाजले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी रेडिओला कान लावला, घसा साफ केला आणि आपल्या खर्जात म्हणाले, "नमस्कार. निकाल हाती येऊ लागले आहेत."

खोलीतले, जिन्यातले, गॅलरीतले सगळे सावरून बसले. एकेक निकाल नाना ऐकत आणि शांतपणे सांगत. टेलरमामांच्या उमेदवाराचं नाव आलं, तेव्हा नाना जरा हलक्या आवाजात म्हणाले, "पराभूत."

टेलरमामांनी सुस्कारा सोडला. "पडला बिचारा," ते म्हणाले. "चला, चांगल्या माणसाच्या तोंडून तरी कळलं."