तस्करी संग्रहालयातलं कीर्तन

माणसं जमवायची कशी, हे कुणीही मला विचारावं! गेल्या चाळीस वर्षांत रत्नागिरीत झालेलं एकही कीर्तन मी चुकवलेलं नाही. कुठल्या बुवांना किती सतरंज्या लागतात, पूर्वरंगात कोण पेंगतं आणि नुसतं आरतीला कोण उगवतं, सगळं मला तोंडपाठ. म्हणून शहाऐंशीच्या मार्चात नगरपालिकेचा दत्ताराम धापा टाकत जिना चढून आला आणि म्हणाला, "काका, तुमच्या संग्रहालयात काळं कुत्रं फिरकत नाही," तेव्हा मी नुसता हसलो.

हे संग्रहालय म्हणजे माझं म्हातारपणीचं अपत्य. कस्टममधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि बंदराजवळच्या गोदामावरचा हॉल मागून घेऊन मी हे उभं केलं. आपल्या किनाऱ्यावर टोळ्या चोरून सोनं नि घड्याळं कशी उतरवत, हे लोकांना कळावं म्हणून! सोळा चोरखिशांचं जाकीट, पोकळ वल्हं, तळाखाली दुसरा तळ असलेला सुक्या बांगड्यांचा डबा... काय नव्हतं? फक्त माणसं नव्हती.

"एकतीस तारखेच्या आत एका तरी कार्यक्रमाला शंभर माणसं दाखवा," दत्ताराम म्हणाला. "नाहीतर एक तारखेपासून इथे डासांच्या फवारणीचे पंप ठेवणार."

"मागच्या महिन्यात व्याख्यान ठेवलं होतं की!"

"चार माणसं होती, काका. त्यात तुम्ही, वक्ते आणि वक्त्यांचे मेहुणे."

"आणि चौथा?"

"तो होमिओपॅथीचं शिबिर समजून आला होता."

माझ्या डोक्यात समई पेटली. कीर्तन!

"स्मगलरांच्या सामानात कीर्तन?" घरी आमच्या सौभाग्यवती दमयंतीबाई कडाडल्या. "देवाला काय वाटेल?"

"देवाला जमलेली माणसं आवडतात! बुवा चोरीवरच निरूपण करणार. परधन किती वाईट ते सांगणार. संग्रहालयाचं काम होईल आणि पुण्यही लागेल!"

केळशीच्या गोविंदबुवांना पत्र टाकलं. बुवांना मोतीबिंदू, पण आवाज असा की खिडकीच्या काचांनी ठेका धरावा! गुरुवार संध्याकाळ ठरली.

आता हॉलमधल्या केस नंबर बेचाळीसबद्दल सांगायलाच हवं. महिपत नावाचा एक गडी गोसाव्याच्या वेषात मचव्यातून किनाऱ्यावर उतरला आणि आमच्या खात्यानं त्याला पकडला. खडावा पोकळ, कमंडलूला चोरकप्पा, हातातला नारळसुद्धा मधोमध कापून, आत सोनं भरून लाखेनं चिकटवलेला! पकडल्यावर काढलेला त्याचा फोटो आम्ही मोठा करून लावला होता. छातीपर्यंत पांढरी दाढी, खांद्यावर भगवी छाटी आणि फ्लॅश उडाल्यामुळे मिटलेले डोळे. खाली टेबलावर खडावा, कमंडलू, नारळ.

सतरंज्यांना जागा हवी म्हणून मी ते टेबल फोटोसकट भिंतीच्या मध्यावर सरकवलं. बुवांजवळ समई हवी, ती त्यावरच ठेवली. सुक्या बांगड्यांच्या डब्याचा वास जाईना, म्हणून दहा उदबत्त्या लावल्या. माहितीचा फलक पेटीवाल्याच्या पाठीमागे गेला.

तुम्ही म्हणाल, एवढं करताना तुम्हाला दिसलं नाही का? नाही दिसलं हो! त्या फोटोवरची धूळ मी रोज पुसायचो. माझ्या लेखी ती केस नंबर बेचाळीस!

पाच वाजल्यापासून माणसं अशी लोटली, जशी काही बंदरात सुरमईची होडी लागली आहे! जिन्यात चपलांचा डोंगर झाला. दत्ताराम दारात वही घेऊन मोजत होता. मी मिशीतल्या मिशीत हसत होतो.

बुवा आले. उभे राहण्याआधी देवाला वंदन करायचं म्हणून त्यांनी समईच्या दिशेनं पाहिलं. मोतीबिंदूतून दाढी तेवढी दिसली असावी. बुवांनी महिपतला साष्टांग नमस्कार घातला!

मी सांगायला पुढे झालो. पण तोवर बुवांनी चिपळ्या उचलल्या. आता नारदाच्या गादीवरच्या माणसाला मध्येच अडवायचं? चाळीस वर्षांत मी खोकलासुद्धा आवरून धरलेला! मी परत सतरंजीवर बसलो. पूर्वरंगभर बायका एकेक करून सरपटत पुढे जात होत्या, खडावांना डोकं टेकवत होत्या, नारळ ठेवत होत्या. मध्यंतरात मी बुवांच्या गळ्यात हार घातला, तर बुवांनी तो लगेच काढून भक्तिभावानं महिपतच्या फोटोला घातला.

आता मात्र माझ्यानं राहवेना. खरं सांगितलं तर माणसं उठून जातील आणि उद्या इथे फवारणीचे पंप येतील. न सांगावं तर इतकी भोळी माणसं एका चोराच्या पायाशी! मी दोनदा उठलो, दोनदा बसलो. शेवटी पांडुरंगाचं नाव घेतलं आणि उभा राहिलो.

"मंडळी, क्षमा करा! हे महाराज नव्हेत. हा स्मगलर आहे!"

पहिल्या रांगेतून बंदरावरची मासेवाली ठमाबाई उठली.

"काका, जिभंला हाड हाय का नाय? महाराजांना असं बोलत्यात?"

"अहो ठमाबाई, हा त्याचा नारळ बघा! यात पाणी नाही!"

तिनं नारळ कानाशी हलवला. "नाय खरंच. पन तुमाला न फोडता कसं कळलं?" आणि मी 'हां हां' म्हणेपर्यंत तिनं तो टेबलाच्या कडेवर आपटला. लाख सुटली. नारळ डब्यासारखा उघडून दोन सारख्या वाट्या झाल्या!

"आपोआप उघडला गो बाय!" बायका ओरडल्या.

"आपोआप नाही! यातून तो सोनं काढायचा!"

"नारळातनं सोनं काढायचे महाराज!" मागच्या रांगांपर्यंत बातमी पोचली. तिथून लोक पुढे सरकू लागले.

"त्याला पकडलं होतं! तीन वर्षं तुरुंगात होता तो!"

"छळ काय कुना संताला चुकलाय?" ठमाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

मी जितकं खरं बोलत होतो, तितके नारळ वाढत होते! बुवा माझ्या कानाशी लागले. "अहो, मग मी वंदन कुणाला केलं?"

"पाया पडतो बुवा, आता विचारू नका!"

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक टकलू, गुळगुळीत दाढी केलेला म्हातारा उठला. शिक्षा भोगून आल्यापासून तो बंदरावर जाळी विणायचा. साक्षात महिपत! मला हायसं वाटलं.

"काका म्हंत्यात ता खरं हाय," तो मान खाली घालून म्हणाला. "ह्या फोटोत मीच हाय. मी गुन्हा केलेला."

ठमाबाईनं त्याला टकलापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग फोटोकडे पाहिलं.

"तू? मेल्या, ते तेज बघ नि तुजं थोबाड बघ! बस खाली!"

आणि महिपत बसला हो! काय करणार बिचारा?

पण बुवा खरे बुवा. चिपळ्या उचलून त्यांनी उत्तररंगात चोराचंच आख्यान लावलं. चोरीपायी घर कसं मोडतं, बायकोमुलं तोंड लपवून कशी जगतात, हे त्यांनी असं रंगवलं की दत्तारामसुद्धा मोजणी सोडून नाक ओढू लागला. महिपत तर ढसाढसा रडला. त्याच्या शेजारच्या माणसानं त्याला पाणी दिलं. कुणी का असेना, चोरी वाईट हे दोनशे अकरा माणसांनी त्या संध्याकाळी ऐकलं. हा आकडा दत्तारामच्या वहीतला. पंप दुसरीकडे गेले. माझा हॉल मला राहिला.

दुसऱ्या दिवशी मी हातभर मोठा फलक लावला: 'हे महाराज नाहीत. हा तस्कर आहे.' संध्याकाळपर्यंत फलकालाही हळदकुंकू लागलं होतं.

पुढच्या गुरुवारी सकाळी हॉल उघडायला गेलो, तर दारात महिपत उभा. हातात नारळ. पाणी असलेला.

"तू काय रे इथे?"

"काका, ठमाबाईचा गुडघा बरा झाला म्हंत्यात. म्हटलं, आपन बी येक नारळ ठेवून बगावा. माजे दोनी गुडघे धरल्यात."

"अरे शहाण्या, पण फोटोत तूच आहेस ना?"

महिपतनं फोटोकडे बराच वेळ पाहिलं.

"हाय तर मीच," तो म्हणाला, "पन तवा माजे गुडघे चांगले व्हते, काका." आणि त्यानं हात जोडले.

मी गुपचूप त्याच्या शेजारी उभा राहिलो. तुम्हाला म्हणून सांगतो, माझीही कंबर दोन दिवसांपासून जरा धरली होती.