कुंकू लागलेलं रॉकेट

आमच्या सोसायटीत कोणी नवी गाडी घेतली की पेढ्यांचा बॉक्स उघडायच्या आधी निकमकाका खाली उतरतात. किंमत विचारत नाहीत, ॲव्हरेज विचारत नाहीत. डोळे मिटतात आणि गाडीवरून एक बोट फिरवतात. हळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गाडीचा मालक बिचारा हातात हार घेऊन निकालाची वाट बघत उभा. मग काका डोळे उघडून म्हणतात, "हं." या 'हं'चे अनेक प्रकार आहेत आणि त्यातला चांगला मी अजून ऐकलेला नाही.

माझ्या नव्या स्कूटरवरून बोट फिरवून ते म्हणाले होते, "वैशाली, गाडी झकास. पण रंगाला संत्र्याची साल आलीय." म्हणजे रंग गुळगुळीत न बसता त्यावर बारीक बारीक खळगे आलेत. मला सात जन्मांत ते दिसले नसते. पण त्या दिवसापासून स्कूटरकडे पाहिलं की मला संत्रंच दिसतं. काय म्हणावं या माणसाला! बरं, चिडायचीही सोय नाही, कारण पुढच्याच मिनिटाला ते आपल्या हाताने माझ्या किल्लीला रिबीन बांधत होते.

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरच्या देखभालीला होते. रिटायर होऊन इंदिरानगरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आले, पण प्लांट काही डोक्यातून गेला नाही. काकू दुपारी पडल्या की ते दारात येऊन हळू आवाजात सांगतात, "दोन ते चार शटडाऊन आहे." कुकरची शिट्टी जरा वेगळी वाजली की हातातला पेपर टाकून उठतात. मूळचे सटाण्याकडचे. बोलणं एरवी आपल्यासारखंच, पण एखादी गोष्ट मनापासून आवडली की तोंडून गावाकडच्या बोलीत निघून जातं, "भारी शे!" हे 'भारी शे' वर्षातून एखाददा मिळतं. माझ्या पुरणपोळीला एकदा मिळालं होतं. मी ते माहेरीसुद्धा कळवलं.

तर असा माणूस. आणि त्यांच्या पुण्याच्या भाच्याने त्यांना रॉकेटचा किट आणून दिला.

खेळण्यातलं रॉकेट नव्हे हं. आपले उपग्रह घेऊन जातं ना, त्या रॉकेटची हुबेहूब लहान प्रतिकृती, आणि तीही खरोखर उडणारी. खोक्यात पुठ्ठ्याच्या नळ्या, हलक्या लाकडाचे पंख, प्लॅस्टिकचं टोक आणि घडी घातलेलं पॅराशूट. खोक्यावर लिहिलं होतं, दोन रविवारांत तयार होतं. काकू म्हणाल्या, "लिहिणाऱ्याने यांना पाहिलेलं नाही."

पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळीची एक बारीक रेघ असते. ती काकांच्या बोटाला कळली. झालं! त्या रेघेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपरने घासायची, डोळे मिटून बोट फिरवायचं. कळली की पुन्हा लांबी. लाकडी पंखांवर लाकडाचे तंतू दिसतात, म्हणून त्यांनाही तेच. मग प्रायमर. मग तो प्रायमर घासून जवळजवळ सगळा काढून टाकायचा. "अहो काका, काढायचाच होता तर लावला कशाला?" असं मी विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. म्हणाले, "वाळू दे, मग सांगतो." काहीही विचारलं तरी हेच उत्तर. कधी होणार, काका? वाळू दे. चहा घेता का? वाळू दे.

रंगाच्या दिवशी तर पूर्ण मजल्यावर कर्फ्यू. लिफ्टजवळ पाटी लागायची, 'आज रंग आहे, झाडू मारू नये.' घरात पंखे बंद. फोडणी बंद, कारण तेलाचा धूर रंगावर बसतो. काकू घामाने निथळत बिनफोडणीचं वरण जेवायच्या आणि मला खुणेने बोलवून आमच्या घरी येऊन लोणचं खायच्या. एकदा ओल्या रंगावर डास बसला. काकांनी तो चिमट्याने असा अलगद उचलला की माझ्या डोळ्यांदेखत तो डास उडून गेला. त्याच्या पायाचे ठसे राहिले म्हणून काकांनी तो भाग परत घासला. डासाच्या पायाचे ठसे! मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर त्याला वाटलं मी थापा मारतेय.

पण खरं सांगू? एका सकाळी काकूंना कढीपत्ता द्यायला गेले आणि गॅलरीत ते रॉकेट पाहिलं, तेव्हा माझं सगळं हसणं बंद झालं. माझ्या कमरेला लागेल एवढीच उंची. पांढरंशुभ्र, मध्ये तपकिरी पट्टे, कडा अशा की ब्लेडने कापल्यात. खऱ्या रॉकेटच्या अंगावर जे जे रिबिट असतं ते ते तिथे होतं, काडीच्या टोकाने ठेवलेला डिंकाचा एक-एक थेंब. फोटो समोर ठेवून, भिंगातून बघून. उन्हं तिरपी आली होती आणि त्या प्रत्येक थेंबाला स्वतःची सावली पडली होती. मी बघत राहिले आणि मला ते लहान वाटेचना. लांब वाटायला लागलं. म्हणजे खरंच कुठेतरी दूर समुद्राकाठी ते प्रचंड उभं आहे आणि मी इथून, इंदिरानगरच्या गॅलरीतून पाहतेय. अंगावर सर्रकन काटा आला. माणसाच्या हातात एवढं असतं? शेजारच्या, मफलर गुंडाळून दूध आणायला जाणाऱ्या माणसाच्या?

"काका, झालं हो हे!" मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले, बोट फिरवलं. "हं," म्हणाले. "वाळू दे."

आता यात एक गोष्ट गमतीची नव्हती. काकूंच्या हृदयाची एक झडप बिघडली होती. डॉक्टर म्हणाले होते, औषधांवर काही महिने निघतील, पण ऑपरेशन करावंच लागेल. तेव्हा काकूंनी अट घातली. "आधी ते आभाळात जाऊ द्या, मग मी टेबलावर जाते. एवढं बिनफोडणीचं खाल्लंय, ते रॉकेट उडताना बघायलाच." आम्ही सगळे हसलो. काकासुद्धा हसले. अवघड असं काय होतं? त्र्यंबक रोडच्या एका कॉलेजात मुलांचा रॉकेट क्लब आहे. परवानगी, मैदान, उडवायचं दारूचं नळकांडं, सगळं त्यांचंच. दरवर्षी दसऱ्याला दुपारी सीमोल्लंघन म्हणून ते रॉकेटं उडवतात. काकांचं नाव त्यांनी हौसेने घातलं होतं.

गेल्या दसऱ्याला सकाळी आम्ही तयार होऊन बसलो, आणि काका गॅलरीतून बाहेर आले. "टोकापाशी रंगाला तडा गेलाय. नाही उडवता येणार." आणि बसले घासायला. संध्याकाळपर्यंत ते पांढरंशुभ्र रॉकेट राखाडी झालं. मला रडू यायचं बाकी होतं. काकू नुसत्या "बरं" म्हणाल्या.

मग पावसाळ्यात रंग वाळेना. मग नवा रंग जुन्याशी जुळेना. इकडे काकू पोळ्या लाटताना स्टूल घ्यायला लागल्या. मग स्टूलवर बसूनही दोन पोळ्यांनंतर थांबायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "आता थांबू नका." सोसायटीतले सगळे काकांच्या मागे लागले. सेक्रेटरी तर चिडून म्हणाले, "अहो, बायको की रॉकेट?" ऑपरेशन हा शब्द काका उच्चारायचे नाहीत, 'हिचं ते काम' म्हणायचे. मी सातपूरला एका कारखान्यात परचेसला आहे. उशीर करणाऱ्या लोकांना फोनवर झापणं हाच माझा धंदा. मी काकांनाही झापलं. ते म्हणाले, "एकच हात राहिलाय. वाळू दे."

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी तो शेवटचा हात मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झेंडूची फुलं द्यायला गेले. काका दूध आणायला खाली गेले होते. हॉलमध्ये चौरंगावर काकूंनी पूजा मांडली होती. विळी, कात्री, शिवणाचं मशीन, मिक्सर, काकांचे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर. आणि सगळ्यांच्या मधोमध रॉकेट! त्याच्या पोटावर काकूंच्या अंगठ्याएवढं हळदीकुंकू ठसठशीत लावलेलं. ओलं बोट, वर ओला रंग. कुंकू रंगात चांगलं शिरलं होतं. गळ्यात झेंडूची माळ.

"काकू! अहो, हे काय केलंत?"

"वाहन आहे ना ते? मग वाहनाची पूजा नको करायला?"

दार वाजलं. काका आत आले आणि दुधाची पिशवी हातात तशीच धरून उभे राहिले. मी मनात म्हटलं, आता या घराचा बॉयलर फुटणार. काका वाकले. डोळे मिटून बोट त्या कुंकवाजवळ नेलं, पण टेकवलं नाही. मग म्हणाले, "पॉलिश पेपर कुठाय?"

"पूजेत," काकू म्हणाल्या.

खरंच होता. पान्यांच्या शेजारी पॉलिश पेपरची चळत, त्यावर हळदीकुंकू, अक्षता आणि एक फूल. लांबीचा डबा, ब्रश, रंगाचे कॅन, सगळ्यांना कुंकू.

"आज हत्यारांना हात लावत नाहीत," काकू शांतपणे म्हणाल्या. "उद्या सीमोल्लंघन होईस्तोवर पूजा हलायची नाही. तुमच्या आईनेच शिकवलंय मला."

सटाण्याच्या निकमांच्या घरात पूजेतलं हत्यार उचलायचं? आयुष्यभर खंडेनवमीला प्लांटमध्ये स्वतः पान्यांना फुलं वाहिलेला माणूस तो. दूध ओट्यावर ठेवून ते गॅलरीत गेले.

मी स्वयंपाकघरात काकूंच्या मागे गेले. "काकू, रंग ओला आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"अगं, रात्रभर त्याच्या वासात झोपलेय मी. मला माहीत नसेल?" त्या स्टूलवर बसल्या, जरा दम घेतला. "दुसरं कोण थांबवणार होतं त्यांना?"

गॅलरीत काका कठड्याला धरून उभे होते. मी म्हटलं, "काका, एका डागाने काय होतंय? उद्या उडवूया."

त्यांनी नजर खाली पार्किंगकडे वळवली. मग म्हणाले, "वैशाली, गेल्या दसऱ्याला तडा नव्हता."

"म्हणजे?"

"रॉकेट झालेलं होतं. एक नंबर झालं होतं. हात लावायला जागा नव्हती कुठे."

रॉकेट उडालं की काकू टेबलावर जाणार होत्या. वर्षभर हा माणूस चांगला रंग घासत होता, परत देत होता, परत घासत होता. आणि आम्ही सगळ्यांनी त्यांना हट्टी म्हटलं, वेडं म्हटलं. मीसुद्धा.

दसऱ्याला दुपारी मी नवऱ्याची कार काढली. काका मागे काकूंशेजारी बसले, रॉकेट मांडीवर आडवं. मैदानावर क्लबच्या मुलांनी ते पाहिलं आणि एकेक जण जवळ येत गेला. त्यांची रॉकेटं होती नळीला रंग फासलेली. ती मुलं याच्याभोवती हात मागे बांधून फिरली. कुंकवाबद्दल कोणी काही विचारलं नाही, उलट एकाने नमस्कार केला. मग त्यांनी ते लोखंडी सळईवर उभं केलं, वायर जोडली आणि बटण काकांपुढे धरलं. काकांनी ते काकूंच्या हातात दिलं.

पाच, चार, तीन, मुलं ओरडत होती. काकूंनी बटण दाबलं.

मला वाटलं होतं, दिवाळीतल्या बाणासारखं सुर्र करून जाईल. छे! कडाड आवाज झाला, पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटली, आणि जिथे रॉकेट होतं तिथे फक्त धूर. मान वर करेपर्यंत ते पार अंजनेरीच्या डोंगराच्याही वर गेलेलं. सरळ, ओळंब्यात, जराही न डगमगता. पांढरा ठिपका, मग तोही नाही. सगळं मैदान तोंड उघडं टाकून आभाळाकडे बघत होतं. मी हात जोडले होते, कधी जोडले ते कळलंही नाही. एवढ्या उंचीवर त्या इवल्याशा डिंकाच्या थेंबांना कोण बघणार होतं? तरी ते सगळे वर गेले होते, एकही न सुटता. वर कुठेतरी लाल पॅराशूट उघडलं आणि मुलांनी एकच कल्ला केला.

"अहो, गेलं की हो!" काकू टाळ्या वाजवत होत्या. दम लागला होता आणि तरी हसत होत्या. "गेलं! केवढं वर गेलं!"

"भारी शे," काका म्हणाले. इतक्या हळू, की मलाच जेमतेम ऐकू आलं.

रॉकेट वाऱ्याने पलीकडच्या टोमॅटोच्या शेतात गेलं. मुलं पळाली. काकू म्हणाल्या, "जा ना, तुम्ही पण बघा, काही मोडलं का."

"आणतील पोरं. तू गाडीत बस. उन्हात उभी राहू नकोस."

परत येताना रॉकेट डिकीत होतं. एक पंख मुळातून निखळला होता, पण काकांनी विचारलंही नाही कुठला. सातपूर आलं. मग काकू म्हणाल्या, "झालं माझ्या मनासारखं. उद्या डॉक्टरांना फोन करा."

"केलाय."

"कधी?"

"आज सकाळी. सोमवारी भरती व्हायचंय."

"आणि रॉकेट उडालं नसतं तर?"

"तरी नेणार होतो. उचलून नेलं असतं."

"मला? उचलून?" काकू खळखळून हसल्या. "कंबर मोडली असती तुमची. मग दोघांचं एकाच खोलीत ऑपरेशन!"

मीही हसले. सिग्नल लाल झाला, मी गाडी थांबवली. आरशात दिसलं, मागे काका हसले नव्हते. काकूंचं हसणं हळूहळू थांबलं. त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अहो, घाबरू नका."

सिग्नल हिरवा झाला. मागचा रिक्षावाला हॉर्न मारायला लागला, तरी मी गाडी काढली नाही.

"घाबरलोय गं," काका म्हणाले. "फार घाबरलोय."