काकांनी सरळ केलेलं प्रोटीन

थ्रीडी प्रिंटरवाल्या काकांनी नऊ वर्षांत एकही वेडावाकडा नग खोलीबाहेर जाऊ दिला नव्हता. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या संशोधक ताईंनी पाठवलेलं प्रोटीनचं मॉडेल छापून निघालं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं. पुढचे चारही नग तसेच निघाले, नुसता गुंता; तेही डब्यात गेले. शेवटी ते स्वतःच संगणकावर बसले, त्या बिचाऱ्याला सरळ करून छान स्प्रिंगसारखं वळवलं आणि ते नवं मॉडेल थेट संशोधनाला निधी देणाऱ्या समितीच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

ताई आल्या त्या समितीच्या खोलीच्या दारातच थिजल्या. दोन वर्षं संगणकावर गणितं करून त्यांनी सिद्ध केलं होतं ते एवढंच, की कॅन्सर वाढवणाऱ्या या प्रोटीनला ठरलेला आकारच नाही. म्हणून तर पाच वेगळे आकार छापायला दिले होते. आज समितीला पटलं नाही, तर काम बंद.

"काका, हे काय?"

"बिघडलेलं होतं, नीट करून दिलं. आभार सावकाश माना."

विभागप्रमुख मात्र खुशीत होते. ते ताईंच्या कानाशी लागले, की आकार सापडला म्हणून सांगून मोकळी हो, समितीला नीटनेटकं आवडतं. "गप्प बसायला तुझं काय जातंय?"

"दोन वर्षं जातात, सर," ताई म्हणाल्या. त्या तडक गेल्या, काकांच्या खोलीतला डबा उचलून आणला आणि समितीसमोर पालथा केला.

अध्यक्षांनी चष्मा सावरला. "यातलं खरं कोणतं?"

"हे सगळे. खोटं फक्त ते सुबक."

अध्यक्षांनी एक गुंता उचलून पाहिला, तो स्वेटरच्या बाहीत अडकला. विभागप्रमुख सोडवायला धावले, तर त्यांच्याही कोटाचं बटण त्यात गुंतलं. दोघे ओढत राहिले, गुंता आवळत राहिला.

ताई जागच्या हलल्या नाहीत. "पेशीत हे असंच करतं. स्वतःचा आकार नाही, म्हणून समोरच्याप्रमाणे वळतं. वाढीला लगाम घालणाऱ्या प्रोटीनलाच धरून बसलं, की पेशी वाढत सुटते."

"आणि सोडवायचं कसं?" अध्यक्षांनी घाम पुसत विचारलं.

"तेच शोधतेय. अजून तीन वर्षं लागतील."

"दिली. पण आधी स्वेटरचं बघा."

काका कात्री घेऊन आले. त्यांनी गुंता नीट निरखला, एक सुस्कारा सोडला आणि त्याला जराही धक्का न लावता अध्यक्षांची बाही कापली. नग वेडावाकडा असला, तरी आता मंजूर झालेला होता.