ऱ्होड आयलंडचा वैरी

इंग्लंडात साउथहॅम्प्टनमध्ये राहणाऱ्या माणसाचं अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडशी काय वाकडं असावं? पण सोनटक्केंचं होतं. "राज्य कसलं, तालुका तो," हे त्यांचं पालुपद. "या टोकाला शिंकलास तर त्या टोकाचा माणूस 'ब्लेस यू' म्हणतो."

सोनटक्के आमच्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. मी तिथेच फार्मसीत, आणि राहायला त्यांच्या शेजारच्या घरात. पेशंटला झोपवायला त्यांना इंजेक्शन लागायचं, आम्हाला ऱ्होड आयलंड पुरायचं.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी नवं जोडपं सापडलं की संपलं. मसालेभात वाढता वाढता सुरू. "नाव आयलंड, आणि बहुतेक राज्य जमिनीला चिकटलेलं. सगळ्यात उंच डोंगर किती, तर आठशे फूट. त्यापुढे आपली पुण्याची पर्वती म्हणजे हिमालय. धर्मस्वातंत्र्यासाठी वसवलं म्हणे, आणि मग गुलामांचा व्यापार करून गब्बर झाले. तेरा वसाहतींत अमेरिकेची घटना मान्य करायला सगळ्यात शेवटी. पंगत बसली तरी हे आपले रुसलेलेच. आणि राज्याचा पक्षी कोण? कोंबडी. चांगला पक्षी सुचला नाही यांना." ते जोडपं बिचारं भात गार करत ऐकायचं.

ही माहिती ते लायब्ररीतून जाडजाड पुस्तकं आणून गोळा करायचे. लीलावहिनी, म्हणजे त्यांची बायको, पंगतीत बसून ऐकत असायच्या. फारच झालं तर म्हणायच्या, "पुरे हो आता. माझी ताई राहते तिथे."

खरी गोष्ट मला माझ्या बायकोनं सांगितली. सन ऐंशीच्या आसपास सोनटक्केंना तिथल्या एका हॉस्पिटलचं नोकरीचं पत्र आलं होतं. दोघी बहिणी एका गावात राहणार म्हणून वहिनींनी अर्धी भांडी वाटूनसुद्धा टाकली. आणि ऐनवेळी हे नाही म्हणाले. इथे कन्सल्टंटची, म्हणजे वरच्या डॉक्टरची, पोस्ट मिळेल अशी आशा होती. ती मिळाली, नऊ वर्षांनी. तोवर दर वर्षी 'पुढच्या समरला ताईकडे जाऊ' चाललं होतं. मग वहिनींना कॅन्सर निघाला आणि सहा महिन्यांत त्या गेल्या. बहिणींची भेट राहिली ती राहिलीच.

त्यानंतर सोनटक्के त्या राज्यावर जास्तच तुटून पडायला लागले. मला राग यायचा आणि कीवही यायची. ते राज्य भिकार ठरवणं त्यांना भाग होतं, नाहीतर हा माणूस स्वतःला तोंड कसं दाखवणार?

पुढे एका ऑक्टोबरात मला कॉन्फरन्ससाठी बॉस्टनला जायचं होतं. सोनटक्के स्वतःहून घरी आले. "तासाभरावर आहे. ताईंना भेटून ये," म्हणाले, "आणि कसं आहे ते मला सांग."

मी गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं लालभडक झाली होती. ताईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून पोहे दिले. खिडकीबाहेर खाडीचं निळं पाणी, उन्हात लखलखणारं. ताई म्हणाल्या, "लीलासाठी वरची खोली रंगवून घेतली होती."

परतीच्या विमानात काय बोलायचं ते घोकून ठेवलं. सोनटक्केंनी दार उघडलं आणि कोटही काढू न देता विचारलं, "काय? भिकारच ना?"

"अगदी भिकार," मी म्हणालो. "पाऊस न् चिखल. आपलं साउथहॅम्प्टन बरं."

त्यांनी चहा टाकला.  पाठमोरेच राहून विचारलं, "ताईंच्या खिडकीतून पाणी दिसतं?"

"दिसतं." तोंडून निघून गेलं.

"हं," ते म्हणाले. "तिला आवडलं असतं." चहा उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मीच पुढे होऊन गॅस बंद केला.

त्या दिवसापासून त्यांनी ऱ्होड आयलंडला नावं ठेवली नाहीत. पुढच्या गणपतीत पंगत फार शांत वाटली म्हणून मीच मुद्दाम कोंबडीचा विषय काढला.

"चांगली कोंबडी आहे," सोनटक्के म्हणाले आणि मसालेभात वाढत पुढे गेले.